पाठीवरची पट्टी

सोनवळ पोलीस ठाण्यात मला लालपरी म्हणत. एसटीची लाल बस ती लालपरी, आणि कायम लाल असणारी मीही लालपरी. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी सब-इन्स्पेक्टर हर्षदा भोईटे आहे, कान उपटून हातात दिला असता. पण सकाळच्या हजेरीला भिंतीवरचा पडदा सुरू झाला, माझ्या नावापुढे लाल आकडा उमटला, की मागच्या रांगेतून कुणीतरी तोंडानेच कंडक्टरची घंटी वाजवायचं. टिंग टिंग. मग अख्खी रांग बुटांकडे बघत हसायची.

आणि माझ्या नावाच्या बरोबर खाली हिरवा आकडा असायचा. सब-इन्स्पेक्टर रेश्मा वाघमोडे, एकवीस. दुसऱ्या दिवशी बावीस. तिसऱ्या दिवशी परत एकवीस. तीन वर्षं मी तो आकडा बघत होते, आणि खरं सांगायचं तर तीन वर्षं माझा जळून कोळसा होत होता.

हा पडदा काय प्रकार आहे ते आधी सांगते. पूर्वी वर्षातून एकदा आम्हाला एक फॉर्म यायचा. झोप लागते का, चिडचिड होते का, नोकरीचा ताण जाणवतो का. आम्ही बायका सगळीकडे ‘नाही’वर खूण करून दहा मिनिटांत फॉर्म परत द्यायचो. कारण ‘हो’ लिहिणारीला पुढची पाच वर्षं ‘ती जरा नाजूक आहे’ हे ऐकावं लागायचं, आणि नाजूक बाईला तपास कोण देतंय. शेवटी तज्ज्ञ मंडळींनी ठरवलं, की बाईला विचारायचंच नाही, तिच्या घामाला विचारायचं.

ताण आला, की मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या दोन चिमुकल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्याने रक्तातली साखर वाढते, अंग तापतं, माणूस पळायला नाहीतर भिडायला तयार होतो. त्यातलं थोडंसं घामातही उतरतं. आमची पट्टी म्हणजे दोन बोटं रुंदीचा चिकट तुकडा. त्यात कॉर्टिसॉल पकडणारा थर, आणि दर दहा मिनिटांनी मोजमाप कळवणारी चिप. यंत्रणेचं सरकारी नाव ‘समत्व’. ती दिवसाची सरासरी काढून शून्य ते शंभरमध्ये आकडा देते. चाळिसाच्या आत हिरवा, सत्तरपर्यंत पिवळा, त्याच्या वर लाल. लाल असेल तिला हलकं काम नाहीतर सुट्टी, हिरवी असेल तिला जोखमीचं काम. कागदावर बघाल तर यात खोट काढायला जागा नव्हती.

सुरुवातीला फजिती झाली ती पाण्यावरून. बंदोबस्ताला बायका पाणी पीत नाहीत. दहा-बारा तास रस्त्यावर उभं राहायचं आणि जायला कुठे जागा नाही, म्हणून सकाळपासूनच घसा कोरडा ठेवायचा, हे आम्हाला जुन्या बायकांनी पहिल्याच बंदोबस्तात शिकवलेलं. त्याने घाम घट्ट झाला आणि पहिल्याच मिरवणुकीला ठाण्यातल्या सगळ्या जणी लाल. मग घामातलं मीठ मोजून आकडा दुरुस्त करायची सोय पट्टीत केली. संडासाची सोय मात्र अजून झालेली नाही.

पट्टी पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये लावायची. तिथे आपला हात पोचत नाही, म्हणजे कुणी गुपचूप काढून ठेवेल ही भीती नाही. पण हात पोचत नाही म्हणजे लावताही येत नाही. म्हणून दर सोमवारी सकाळी आठला बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत आम्ही एकमेकींच्या पट्ट्या लावायचो. माझी रेश्मा लावायची, तिची मी. नाशिकला ट्रेनिंगला एका खोलीत होतो तेव्हा एकमेकींच्या पाठीला घामोळ्याची पावडर लावायचो, तीच सवय पुढे चालू राहिली. पट्टी लावून झाली, की रेश्मा त्यावर दोनदा थोपटायची आणि म्हणायची, “झालं.”

तिचं हे हिरवं राहणं मला कळायचंच नाही. एकाच बॅचच्या, एकाच वयाच्या, ठाणंही तेच. मोर्चात दगड आला तर माझा आकडा पंच्याऐंशीला जायचा, तिचा पंचविशीलाही शिवायचा नाही. मी तिच्यावर पाळत ठेवली. ही प्राणायाम करते का? नाही. कुठला काढा घेते का? नाही. डब्यात तीच भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. घरी सुख ओसंडतंय म्हणावं, तर नवऱ्याशी काडीमोड झालेला. त्या दिवशीसुद्धा बाई कोर्टातून थेट ड्युटीवर आल्या आणि आकडा बावीस.

घरी तर बोलायलाच नको. माझा नवरा सुहास शाळेत मास्तर, स्वभावाने गरीब. एकदा भाजीतल्या मिठावरून मी ताट आपटलं, तर म्हणाला, “रेश्माताईंकडे बघ जरा. त्याही पोलिसातच आहेत ना.” मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. माझी ओवी आठ वर्षांची. रेश्मा घरी आली, की ही जाऊन तिच्या मांडीवर बसायची, आणि वर मलाच सांगायची, “रेश्मामावशी ओरडत नाही.” पोटची पोर असं बोलल्यावर माणसाने जायचं कुठे?

हिरवी म्हणून वजनाची कामंही तिलाच. लहान मुलावर अत्याचार झाला, की त्याचा जबाब शक्यतो बाई अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. वर्दी उतरवून, साध्या कपड्यांत, पोराच्या घरी जाऊन. ‘समत्व’ ते सगळे जबाब रेश्माच्या नावावर टाकायची. मी असा जबाब शेवटचा घेतला तेव्हा बाहेर येऊन जीपच्या मागे उलटी केली होती, आकडा त्र्याण्णव आला होता. त्यानंतर यंत्रणेने मला एकही जबाब दिला नाही. रेश्माचे तीन वर्षांत एकशे चाळीस झाले आणि तिला प्रशस्तिपत्र मिळालं. मला मिळाली सुट्टी. ती सुट्टी मी घरात बसून तिच्या प्रशस्तिपत्राचा फोटो मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करून बघण्यात घालवली.

त्या वर्षी जिल्ह्यात स्त्रिया आणि मुलांच्या गुन्ह्यांसाठी वेगळं पथक निघालं. प्रमुखाची जागा एक, आणि आमच्या ठाण्यातून नावं दोन, तिचं आणि माझं. मला ती जागा हवी होती. तपास मला येतो, आरोपी माझ्यासमोर खरं बोलतात, आणि लालपरी हे नाव पुसायला दुसरा रस्ताच नव्हता. ही जागा गेली असती, तर निवृत्त होईपर्यंत मी पासपोर्टच्या चौकशा करत फिरले असते. निवड व्हायची होती ती चोवीस तासांच्या एका खास चाचणीवर. त्यासाठी नाव लिहिलेल्या बंद पाकिटांतून नव्या पट्ट्या आल्या.

चाचणीच्या सकाळी खोलीत आम्ही दोघीच होतो. बाकावर दोन पाकिटं. रेश्मा पाठमोरी बसून केस वर धरत होती.

“हर्षे, पथकाला तू जा,” ती म्हणाली. “मी साहेबांना सांगते, माझं नाव काढा म्हणून.”

“म्हणजे आता मला दान देणार का तू?”

“तसं नाही गं. मला तसंही काही...” ती थांबली.

“काही काय?”

“काही नाही. लाव पट्टी.”

ती काय म्हणणार होती हे मी विचारायला हवं होतं. पण ज्या जागेसाठी मला आठवडाभर झोप नव्हती, ती जागा ही बाई भाजीचा वाटा द्यावा तशी देऊन टाकत होती, याचंच मला इतकं झोंबलं, की पुढचं काही ऐकूच आलं नाही. दोन्ही पाकिटं मीच फाडली. पट्ट्या हुबेहूब सारख्या, बारीक क्रमांक तेवढा वेगळा. माझी पट्टी मी तिच्या पाठीवर ठेवली, कडा अंगठ्याने नीट घासून बसवल्या. तिची तिच्या हातात दिली आणि पाठ फिरवली. तिने ती मला लावली, दोनदा थोपटलं आणि म्हणाली, “झालं.”

दुसऱ्या दिवशी हजेरीला पडदा पेटला. हर्षदा भोईटे, एकवीस. रेश्मा वाघमोडे, एकोणऐंशी. मागच्या रांगेत कुणी घंटी वाजवली नाही. आमचे इन्स्पेक्टर इंगवले साहेब चष्मा वर करून म्हणाले, “भोईटे, काय, गुरू वगैरे केलात की काय?” सगळे हसले, मीही हसले. रेश्माने आपल्या लाल आकड्याकडे जरा वेळ बघितलं, मग माझा हात दाबला. “बरं झालं गं,” ती म्हणाली. नियमाप्रमाणे तिला एक दिवसाची सुट्टी मिळाली. परत आल्यावर नवी पट्टी लावली आणि ती पुन्हा एकवीस.

नेमणुकीचं पत्र चौथ्या दिवशी आलं. अट एकच होती, वैद्यकीय कक्षातल्या डॉक्टर नाडगौडांची सही आणायची. मी कडक इस्त्रीची वर्दी घालून गेले. डॉक्टर साठीचे, हळू बोलणारे. त्यांच्यासमोर माझ्या नावाचा आलेख होता. एरवी ‘समत्व’ फक्त दिवसाची सरासरी ठेवते आणि बाकीचं पुसून टाकते, कारण आमच्या जिवाची घालमेल तासातासाला कुणी वाचू नये, हा आम्हा बायकांचाच आग्रह होता. अख्ख्या दिवसाचा आलेख ठेवला होता तो फक्त या चाचणीत.

“दार लावून घ्या,” डॉक्टर म्हणाले. “शेवटचं कधी रडलात?”

मला वाटलं, ही परीक्षाच आहे. “आठवत नाही, सर. मी शांत असते.”

“शांत.” त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. “माणूस सकाळी जागं झालं, की अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल झपकन वर चढतं. दिवस सुरू करायला शरीर जोर लावतं म्हणा ना. मग ते दिवसभर उतरत जातं, मध्ये काही घडलं की पुन्हा उंचवटा. अगदी शांत माणसालाही सकाळचा हा चढ असतो. तुमचा कुठे आहे, दाखवा बरं मला.”

रेघ सपाट होती. सकाळी सपाट, दुपारी सपाट. दुपारी दोनच्या सुमाराला रेश्मा एका शाळकरी मुलीचा जबाब घेत होती, हे मला माहीत होतं. तिथेही सपाट.

“कुणी दिवसरात्र घराची बेल दाबत राहिलं, तर घरातले शेवटी तिची वायर काढून ठेवतात,” डॉक्टर म्हणाले. “वर्षानुवर्षं ताण येत राहिला, उतरायला सवडच मिळाली नाही, की काहींच्या बाबतीत मेंदू या ग्रंथींना हाक मारणंच कमी करतो. सरासरी खाली येते आणि यंत्रणा म्हणते, हिरवी. बाई, ही शांतता नाही. हे माणूस आतून संपत आलंय. नोकरीत असा आलेख मी रक्ताच्या तपासण्यांत तीनदा पाहिला. दोघांवर उपचार चालू आहेत.”

“आणि तिसरा?”

“त्याच्याकडे सरकारी पिस्तूल होतं,” ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

ते पुढे बोलत होते, की घाबरू नका, पिस्तूल आजच जमा करा, तीन महिने रजा घ्या, औषध आणि बोलणं दोन्ही करू, जागा तुमच्यासाठी राखून ठेवा असं मी लिहून देतो. सहीचा कागद त्यांनी पुढे ओढला.

“पाच मिनिटं द्या, सर,” म्हणून मी बाहेर व्हरांड्यात आले.

तिथे मी काय विचार केला ते लपवत नाही. गप्प बसले तर तीन महिन्यांची रजा आणि वर जागा माझी. रेश्माला काय, मी समजावून डॉक्टरांकडे पाठवीन, पट्ट्यांची अदलाबदल न सांगता. पण पडद्यावर तर ती हिरवी होती. हिरव्या अधिकाऱ्याच्या हातातलं पिस्तूल कुणी काढून घेत नाही. उलट तिला अजून एक जबाब देतात. मी फोन लावला.

“रेश्मा, कुठे आहेस?”

“साळुंखेवस्तीवर. जबाब संपला आत्ताच. सहा वर्षांची आहे.” ती पत्ता सांगावा तसं बोलत होती. “आता ठाण्यात जाऊन पिस्तूल घ्यायचं, मग सभेचा बंदोबस्त.”

“जेवलीस का?”

“आठवत नाही गं. जेवले असेन बहुतेक.”

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. दुःख नाही, कंटाळा नाही, काही नाही. तीन वर्षं मी या आवाजावर जळत होते. माझ्या पोरीने, माझ्या नवऱ्याने याच आवाजाचे गोडवे गायले होते, आणि सतरा वर्षं चोरांच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखणारी मी, माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत आंधळी झाले होते. मी दार ढकलून आत गेले.

“सर, हा आलेख माझा नाही, रेश्मा वाघमोडेचा आहे,” मी म्हणाले. “ती आत्ता पिस्तूल घ्यायला निघाली आहे. आधी ठाण्यात फोन करा, मग माझा जबाब घ्या.”

इंगवले साहेबांनी तिला ठाण्याच्या दारातच अडवलं. मी पोचले तेव्हा ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती, हात मांडीवर ठेवून. मी उभ्याने सगळं सांगितलं. पाकिटं, पट्टी, जागा, हेवा. काही म्हणता काही राखलं नाही.

ती म्हणाली, “बरं.”

“बरं काय, रेश्मा? मी तुझ्या पाठीत सुरी खुपसली. दे ना माझ्या कानाखाली.”

“राग यायला पाहिजे ना मला आता?” तिने खरोखर विचारलं, ओवी गणित विचारते तसं. “तेच शोधतेय मघापासून. सापडत नाहीये गं.” मग म्हणाली, “तुला एक सांगू? तू लाल झालीस ना, की मला तुझा हेवा वाटायचा. म्हणजे तेवढं तरी वाटायचं. जीपच्या मागे तू उलटी केलीस ना, त्या दिवशी मी तुझी पाठ चोळत होते आणि मनात म्हणत होते, हिला होतंय तरी काहीतरी.”

मी तिच्या पायाशी फरशीवर बसून रडले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

माझी खात्याअंतर्गत चौकशी झाली आणि व्हायलाच हवी होती. पथकाची जागा तिसऱ्याच ठाण्यातल्या बाईंना गेली. मला जिल्हा कार्यालयात अर्ज शाखेत टाकलं. नाडगौडा डॉक्टरांनी वरपर्यंत भांडून आठवडाभराचे अख्खे आलेख तपासायची परवानगी मिळवली, आम्हा बायकांच्या सह्या घेऊन. जिल्ह्यात अशा सपाट रेघेच्या अकरा हिरव्या जणी निघाल्या. अकराही जणींच्या भिंतीवर प्रशस्तिपत्रं होती. तेव्हापासून ‘समत्व’ फार खाली गेलेल्या आकड्यालाही धोका धरते, आणि सकाळचा चढ आधी बघते.

रेश्मा लांब रजेवर गेली. तिच्या पाठीवर आता डॉक्टरांची पट्टी होती, आणि तिला घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणून दर सोमवारी सकाळी आठला मी तिच्याकडे जायचे. जुनी काढायची, नवी लावायची, कडा अंगठ्याने घासायच्या. ती मुकाट पाठ द्यायची. चहाही करायची. पहिले तीन महिने रेघ हललीच नाही. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी मला नखाएवढा एक उंचवटा दाखवला. मी त्या दिवशी ओवीसाठी आणि माझ्यासाठी आइस्क्रीम घेतलं.

पाचव्या महिन्यातला एक सोमवार. रेश्माने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ओट्यावर दूध उतू गेलेलं, ते तसंच. मी नेहमीसारखी पाकीट फाडून तिच्या मागे गेले.

“हात लावू नकोस,” ती म्हणाली.

“काय झालं?”

ती वळली. तिचा चेहरा असा मी नाशिकला, वयाच्या तेविसाव्या वर्षी शेवटचा पाहिला होता. “तुझ्याकडे पाठ केली होती मी. केस वर धरून बसले होते तुझ्यासमोर. आणि तू कडा घासत होतीस माझ्या पाठीवर, कडा, अंगठ्याने.” आणि तिने मला ठेवून दिली. सणसणीत. कानात पाच मिनिटं शिट्टी वाजत होती. मग ती मोठ्याने, गळा काढून रडायला लागली, शेजारची बाई धावत आली. “जा इथून,” रेश्मा म्हणाली. “परत येऊ नकोस.”

मी जिन्यात बसले. गाल पेटला होता आणि मला हसू फुटत होतं, रडूही येत होतं. तासाभराने नाडगौडांचा फोन आला. आधीच्या आठवड्याची पट्टी अजून तिच्या पाठीवर होती. “भोईटे, चढ कसला, घाटच आहे हा,” ते म्हणाले. “एक्क्याण्णव. काय केलंत तुम्ही?”

“पाच महिन्यांपूर्वी केलं होतं, सर,” मी म्हणाले.

रेश्मा आता परत सोनवळ ठाण्यात आहे. महिन्याला दोनच जबाब घेते, त्यानंतर सुट्टी घेते, आणि शिपायांवर ओरडते म्हणे. एकदा तर मागच्या रांगेने तिच्यासाठी घंटी वाजवली, आणि तिने घंटी वाजवणाऱ्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. हे मला दुसऱ्यांकडून कळतं. माझ्याशी ती बोलत नाही.

तिची पट्टी आता मीनल धोत्रे लावते. चोवीस वर्षांची शिपाई, कामात धांदरट, टोपी कधी जागेवर नसते. कडा नीट बसवते की नाही, कोण जाणे. लावून झाल्यावर रेश्मा तिच्याकडे वळते, तिची लावते, आणि दोनदा थोपटून “झालं” म्हणत असणार. मला त्या पोरीचा इतका हेवा वाटतो, की काय सांगू.

माझा आलेखही नाडगौडा बघतात. एरवी ठीक असते मी, पिवळी. पण दर सोमवारी सकाळी आठला रेघ नव्वदीला जाऊन टेकते. ते विचारतात, सोमवारी असतं तरी काय तुम्हाला? मी म्हणते, काही नाही सर, नवी पट्टी लावायची असते.